सेकंड बेसवर सुटलेली लेस : सतरा वर्षांखालील मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यातला एक आऊट

हे प्रकरण पुण्यात झालेल्या एका निमंत्रित शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेतलं आहे. शाळा, मैदान आणि वर्ष मुद्दाम दिलेलं नाही. मुलींचा उल्लेख जर्सीच्या नंबरने केला आहे आणि तेही नंबर बदललेले आहेत. ज्या संघाच्या बाजूने निर्णय लागला त्या संघाची मी कोच होते. त्यामुळे हे त्रयस्थाचं लिखाण नाही, हे आधीच सांगते.

पार्श्वभूमी

आमच्या मुली आठवी ते दहावीतल्या. सकाळी सहा ते साडेसात सराव, मग तिथेच दप्तर उचलून शाळा. मैदानाच्या एका कडेला क्रिकेटचं नेट, दुसऱ्या कडेला संचलनाचा सराव, आणि उरलेल्या जागेत आमचा डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन. समोरचा संघ जिल्ह्यातल्याच एका गावातला होता. त्या मुली पहाटे चारला निघून गाडीने आल्या होत्या. डिसेंबरचे दिवस होते, फक्की मारायला आलेल्या मामांच्या हातात मोजे होते आणि आठ वाजून गेले तरी आऊटफिल्डच्या गवतावर दव होतं.

सेमीफायनल होती. दोन अंपायर, एक प्लेटला, म्हणजे बॅटर उभी राहते तिथे, आणि एक बेसवर. सामन्याआधी दोन्ही कोच, दोन्ही कॅप्टन आणि अंपायर होम प्लेटपाशी भेटलो. बॉल कुठे गेला की डेड, म्हणजे खेळ थांबलेला, धरायचा, झाडाच्या फांदीला लागला तर काय, क्रिकेटच्या नेटमध्ये अडकला तर रनरना, म्हणजे बेसवर पोचलेल्या बॅटिंग संघाच्या मुलींना, किती बेस द्यायचे, हे सगळं ठरलं. टाइमबद्दल, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवण्याबद्दल, कुणीही काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

नियम काय सांगतो ते थोडक्यात लिहिते, कारण पुढचा सगळा वाद त्याभोवती फिरला. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर १८.२९ मीटर असतं. पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचा नसतो. सोडला तर ती आऊट. बॉल एकदा खेळात आला की तो लाइव्ह, आणि फील्डरने ग्लोव्हमध्ये किंवा हातात घट्ट धरलेला बॉल बेसबाहेरच्या रनरला लावला, म्हणजे टॅग केला, की रनर आऊट. ती पळत होती, उभी होती की आभाळाकडे बघत होती, याच्याशी नियमाला देणंघेणं नाही. टाइम मागायचा अधिकार खेळाडूला आणि कोचला आहे, द्यायचा अधिकार फक्त अंपायरला. अंपायरने दिला की बॉल डेड.

बेसबॉलमध्ये रनर पिचच्या, म्हणजे पिचरने बॅटरकडे टाकलेल्या बॉलच्या, आधीच बेसपासून दोन-तीन पावलं पुढे सरकून उभा असतो, आणि पिचर त्याला पकडायला अधूनमधून बेसवर बॉल फेकत असतो. त्यामुळे बॉल कुठे आहे याचं भान तिथे रनरच्या अंगात मुरलेलं असतं. सॉफ्टबॉलमध्ये दोन पिचच्या मध्ये रनर बेसवर निवांत असते. पिचर बॉल घेऊन २.४४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात उभी राहिली की बेसबाहेरच्या रनरने लगेच पुढे किंवा मागे जायचं, रेंगाळायचं नाही, असाही नियम आहे. पण हे सगळं बॉल पिचरकडे गेल्यानंतरचं. प्ले झाला आणि बॉल अजून फील्डरच्याच हातात आहे, ते मधले पाच-सहा सेकंद आपल्या मुलींना जणू कुणाचेच वाटत नाहीत.

याचं मूळ मला क्रिकेटमध्ये दिसतं. क्रिकेटच्या नियमांत बॉल बोलरकडे किंवा कीपरकडे येऊन स्थिरावला की डेड होतो, आणि दोन्ही बाजूंनी तो खेळात धरणं सोडलं आहे असं अंपायरला स्पष्ट दिसलं तरीही होतो. अंपायरने दरवेळी पुकारावं लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाढलेल्या मुलीला ‘बॉल संपला’ हे आपोआप कळतं. आणि त्याच्याही आधी ती डोंगर-का-पाणी आणि विषामृत खेळलेली असते. तिथे लेस सुटली, तहान लागली, गुडघा खरचटला की मूठ वर करून ‘टाइमप्लीज’ म्हणायचं, आणि म्हटल्या क्षणी कुणी आऊट करू शकत नाही. तिथे मागणं हेच मिळणं असतं. आठ-नऊ वर्षं अंगवळणी पडलेली ही गोष्ट आम्ही कोच मंडळी दोन वर्षांत कधी मुद्दाम मोडून काढत नाही.

काय घडलं

सातवी, म्हणजे शेवटची इनिंग. आम्ही ४-३ ने पुढे, समोरच्या संघाची बॅटिंग, एक आऊट. त्यांची अकरा नंबर फर्स्ट बेसवर होती, संघातली सगळ्यात वेगवान मुलगी. पहिल्याच पिचला ती सेकंड बेसकडे सुटली. आमच्या कॅचरने थ्रो चांगला टाकला. होम ते सेकंड हे अंतर जवळपास २५.८६ मीटर आहे आणि या वयात तो थ्रो टप्पा न पडता पोचणं सोपं नाही. आमची शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्डच्या मधली फील्डर, सात नंबर बेसवर आली, बॉल घेतला, ग्लोव्ह खाली नेला. अकरा नंबरचा पाय आधी पोचला होता. सेफ.

सात नंबरने ग्लोव्ह तिच्या नडगीवर तसाच ठेवला. हे मीच शिकवलेलं होतं. त्या आठवड्यात रोज वीस मिनिटं तेच चाललं होतं. ‘टॅग लावून लगेच उचलू नका, धरून ठेवा, उठताना पाय निघतो.’ अकरा नंबर उठली तेव्हा तिचा पाय निघाला नाही. ती बेसवर उभी राहिली, पॅन्टवरची लाल माती झटकली. सात नंबर एक पाऊल मागे सरली. बॉल ग्लोव्हमध्येच होता आणि ग्लोव्ह छातीशी, उघडा. लपवण्याचा प्रश्नच नव्हता. थर्ड बेसजवळून मलाही बॉलची पिवळी कड दिसत होती. आमची पिचर वर्तुळाच्या बाहेर कमरेवर हात ठेवून बॉलची वाट बघत होती.

थर्ड बेसच्या कोचिंग बॉक्समधून त्यांचे सर ओरडले, “शाब्बास! टाइम घे, लेस बांध.”

अकरा नंबरच्या डाव्या बुटाची लेस खरंच सुटली होती, मातीने माखून दोरीसारखी लोंबत होती. तिने बेस अंपायरकडे बघून हाताचा पंजा वर केला. अंपायरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि वळून आपल्या जागेकडे चालू लागले. ती बेसवरून उतरली, एक पूर्ण पाऊल बाजूला गेली, गुडघा टेकून वाकली. दोन्ही हात लेसला. सात नंबरने एकदा तिच्या पायाकडे बघितलं, एकदा बेसकडे, मग पुढे होऊन ग्लोव्ह तिच्या पाठीला लावला. जोरात अजिबात नाही, पाठीवर हात ठेवावा इतकंच.

“मॅडम, टॅग!”

प्लेट अंपायर मॅडम थ्रो बघायला चार पावलं पुढे आलेल्याच होत्या. त्यांनी मूठ वर केली. आऊट. अकरा नंबर अजून गुडघ्यावरच होती, लेसचा एक फास हातात धरून.

अडचण नेमकी कुठे होती

नियमाच्या बाजूने फार वाद नव्हता. टाइम मागितला होता, दिला नव्हता, बॉल लाइव्ह होता, ती बेसबाहेर होती. पण तिसऱ्या इनिंगला याच सामन्यात आमची एक मुलगी सेकंडला स्लाइड करून आली होती आणि तिचं हेल्मेट उडून लांब गेलं होतं. तेव्हा याच बेस अंपायरांनी कुणी न मागता दोन्ही हात वर केले होते, आणि हेल्मेट उचलून आणून दिलं होतं ते त्यांच्या सेकंड बेसवालीने. पाचव्या इनिंगला डोळ्यात माती गेली म्हणून असाच टाइम मिळाला. म्हणजे स्लाइडनंतर थोडं थांबायचं ही त्या दिवसाची न बोललेली रीत पडली होती आणि तिचा फायदा आम्हीही घेतला होता.

दुसरी अडचण त्या वळलेल्या पाठीची. मुलीने हात वर केला, अंपायरांनी पाहिलं आणि काही न बोलता वळले. पंधरा वर्षांच्या मुलीला त्याचा अर्थ ‘हो’ असा लागला. अंपायरांच्या लेखी ते ‘हो’ही नव्हतं आणि ‘नाही’ही.

त्यांचे सर आत आले. आवाज चढलेला होता, पण शब्द सुटलेला नव्हता. “तिने टाइम मागितला होता, मॅडम.” प्लेट अंपायर म्हणाल्या, “मागितला असेल, सर. दिलेला मी पाहिला नाही.” तोवर दोरीबाहेर पालकांची जुंपली होती. त्यांच्यापैकी एक म्हणाले, “धोनीने नाही का बेलला परत बोलावलं होतं!” आमच्याकडच्या एका वडिलांनी लगेच उत्तर दिलं, “मग लॉर्ड्सवर बेअरस्टोला कुणी बोलावलं?”

ही दोन्ही उदाहरणं खरी आहेत आणि दोन्ही इथे अपुरी पडतात. २०११ च्या जुलैमध्ये नॉटिंगहॅमच्या कसोटीत इयन बेल १३७ वर असताना चहापानाची वेळ झाली असं समजून क्रीज सोडून निघाला आणि रनआऊट झाला. चहापानात भारताने अपील मागे घेतलं. २ जुलै २०२३ ला लॉर्ड्सवर जॉनी बेअरस्टो ओव्हर संपली असं समजून पुढे गेला, अॅलेक्स कॅरीने स्टंप उडवले, आणि ऑस्ट्रेलियाने अपील मागे घेतलं नाही. क्रिकेटमध्ये फील्डिंग करणाऱ्या कॅप्टनला अंपायरच्या संमतीने अपील मागे घेता येतं. सॉफ्टबॉलमधला टॅग हे अपील नाही. अंपायरने आऊट दिला की तो परत करण्याची कोणतीही सोय फील्डिंग करणाऱ्या संघाकडे नसते. ‘मोठं मन दाखवा’ असं दोरीबाहेरून सांगणाऱ्यांना हे माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी समजावून सांगण्याइतकी शांतता नव्हती.

सर माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्हीच सांगा. तुम्ही बघितलंय.”

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय गप्प राहण्याचा. निर्णय बरोबर आहे, अंपायरने दिला आहे, माझ्या खेळाडूने शिकवलेलं केलं आहे. यात काहीच गैर नव्हतं. दुसऱ्या कुठल्या सामन्यात, जिथे अशी थांबायची रीत पडलेली नसती, तिथे मी हेच केलं असतं आणि आजही करेन. बेसवरून उतरून मैत्रिणीकडे हात हलवणाऱ्या रनरला टॅग करण्यात मला खिलाडूवृत्तीला बाधा आणणारं काहीही दिसत नाही. बॉलवर लक्ष ठेवणं हे रनरचं कामच आहे.

दुसरा, अंपायरना जाऊन मी पाहिलेलं सांगायचं आणि दोघांनी आपसात बोलावं अशी विनंती करायची. निर्णय बदला म्हणायचं नाही.

तिसरा, भरपाई. आमच्या असिस्टंटने कानात सुचवलं, “ताई, पुढच्या बॅटरला चार बॉल टाकून वॉक देऊ.” मी तो लगेच नाकारला. सेकंडवरची रनर आणि फर्स्टवरची रनर सारखी नसते, त्यामुळे ती भरपाई होतच नव्हती. शिवाय आमच्या पिचरला मुद्दाम वाईट खेळ असं सांगायचं आणि समोरच्या बॅटरला दयेने बेसवर पाठवायचं, यात दोघींचाही अपमान होता.

चौथा पर्याय मला त्या वेळी सुचलाच नाही. त्याबद्दल पुढे.

काय केलं

मी दुसरा पर्याय घेतला. आत गेले आणि प्लेट अंपायरना म्हणाले, “मॅडम, तिने हात वर केलेला मी पाहिला. याआधी दोनदा स्लाइडनंतर टाइम मिळालाय, एकदा आमच्या मुलीला. तुम्ही दोघांनी एकदा बोलून घ्या, एवढंच म्हणणं आहे. जे ठरेल ते मान्य.” दोघं सेकंड बेसच्या मागे जाऊन बोलले. दोनेक मिनिटं गेली असतील. बेस अंपायरांनी सरळ सांगितलं की हात वर केलेला पाहिला होता, टाइम दिला नव्हता, वळायला नको होतं. प्लेट अंपायरनी निर्णय कायम ठेवला. दिलेलाच नाही तो टाइम मागाहून देता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं. सरांनी मान हलवली आणि परत बॉक्समध्ये गेले.

मी परत येताना टाळी वाजवून ओरडले, “दोन आऊट, चला, खेळ इकडे!” सात नंबर बेसपाशी उभी होती. ग्लोव्ह अजून छातीशी. ती माझ्याकडे बघत होती, हे मला दिसलं होतं.

पुढच्या बॅटरने राइट-सेंटरला सिंगल, म्हणजे फर्स्ट बेस मिळवून देणारा फटका, मारला. सेकंडवर अकरा नंबर असती तर ती बहुतेक घरी, म्हणजे होम प्लेटला, आली असती. त्यानंतरची मुलगी फर्स्टला आऊट झाली. आम्ही ४-३ ने जिंकलो.

निकाल

दोन्ही संघांनी हात मिळवले. अकरा नंबर रांगेत होती, पण सात नंबरसमोर आल्यावर तिने हात खालीच ठेवला आणि पुढे गेली. दुपारी त्यांची गाडी निघाली. संध्याकाळी आमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या टॅगची क्लिप आली, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यांच्याकडेही तीच क्लिप वेगळ्या मजकुरासह फिरत होती. मी आमच्या ग्रुपवर क्लिप काढायला सांगितली. त्यात दोन अल्पवयीन मुलींचे चेहरे स्पष्ट दिसतात एवढंच कारण दिलं, आणि ते कारण पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी फायनल आम्ही ६-२ ने हरलो. त्या सामन्यात दोनदा सात नंबरचा टॅग उशिरा गेला. एकदा तर बॉल रनरच्या बराच आधी तिच्या हातात होता आणि ग्लोव्ह खाली गेलाच नाही. हरलो त्याची कारणं इतरही होती, त्यांची पिचर आमच्यापेक्षा सरस होती. पण ते दोन टॅग तिच्या हातचे होते, गेल्या दोन वर्षांत तिने असे सोडलेले मला आठवत नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात सराव संपल्यावर ती बॅट पिशवीत भरायला थांबली. म्हणाली, “ताई, मी चीटिंग केली का?”

“नाही.”

“मग तुम्ही अंपायरकडे का गेलात?”

मी समोरच्या मुलीसाठी, सामन्यासाठी, माझ्या मनाच्या समाधानासाठी आत गेले होते. सात नंबरने तिथे उभं राहून पाहिलं ते एवढंच की तिने टॅग केला आणि तिची कोच अंपायरकडे तक्रारीला गेली. आठवडाभर ज्या गोष्टीसाठी मी ‘शाब्बास’ म्हणत होते, तीच केल्यावर मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. निर्णय कायम राहिला, सामना जिंकला, आणि या पोरीने आठ दिवस स्वतःला चोर समजून काढले.

तिला बेसबॉलमधला १९०८ चा एक किस्सा सांगितला. न्यूयॉर्कचा पोलो ग्राउंड्स, २३ सप्टेंबर, जायंट्स विरुद्ध शिकागोचे कब्ज. शेवटच्या इनिंगला १-१, दोन आऊट, थर्डवर एक रनर आणि फर्स्टवर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. बॅटरने सिंगल मारला, थर्डवरचा रनर घरी आला, लोक मैदानात घुसले. नियमाने मर्कलला सेकंड बेसला शिवणं भाग होतं, पण जिंकलो समजून तो न शिवताच क्लबहाऊसकडे वळला. तेव्हा बहुतेक सगळे रनर असंच करायचे. कब्जच्या जॉनी एव्हर्सने बॉल मिळवून सेकंड बेसवर पाय ठेवला आणि अंपायर हँक ओ’डे यांनी मर्कलला आऊट दिलं. धाव रद्द, सामना बरोबरीत. मोसम संपताना दोन्ही संघ बरोबरीत राहिले, तो सामना ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवला आणि कब्ज ४-२ ने जिंकले. मर्कलला ‘बोनहेड’ हे नाव चिकटलं ते आयुष्यभर.

या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग त्याच्या एकोणीस दिवस आधीचा आहे. ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये एव्हर्सने अगदी हेच अपील केलं होतं, अंपायर हेच ओ’डे होते, आणि रनर सेकंडला शिवला की नाही हे आपण पाहिलं नाही म्हणून त्यांनी ते फेटाळलं होतं. म्हणजे ही रीत आता मोडू शकते हे एव्हर्सला माहीत होतं आणि ओ’डे यांना माहीत होतं. मर्कलला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

सात नंबर म्हणाली, “म्हणजे अकरा नंबरला पण कुणी सांगितलं नव्हतं.”

त्याच रात्री मी त्यांच्या सरांना फोन केला. खरं तर आधीच करायला हवा होता. ते म्हणाले, “मॅडम, आऊट बरोबरच होती हो. लेस बांध मीच म्हणालो. अंपायरकडे मी बघितलंसुद्धा नाही.” त्यांच्या शाळेच्या मैदानावर सरावात सर स्वतःच अंपायर असतात, आणि हात वर केला की टाइम मिळालाच. अकरा नंबर परतीच्या वाटेवर गाडीत एकच प्रश्न विचारत होती, “सर, हात वर केला होता ना मी?” ते तिला काय सांगावं या विचारात इतके दिवस होते.

पुन्हा तशी वेळ आली तर

सगळ्यात आधी, सामन्यापूर्वीच्या भेटीत टाइमबद्दल विचारायचं. तीन प्रश्न मी आता वहीत लिहूनच नेते : स्लाइडनंतर टाइम आपोआप मिळणार की मागावा लागणार, बेस अंपायर देणार की फक्त प्लेट अंपायर, आणि दिला हे मुलींना कळणार कसं. अंपायर मंडळी याला कधी नाही म्हणालेली नाहीत. उलट एकदा प्रश्न विचारला की ते स्वतःही दिवसभर एकच पद्धत पाळतात.

तिसऱ्या इनिंगला हेल्मेटसाठी टाइम मिळाला, तो दुसरा टप्पा. तेव्हा मी खूश होऊन गप्प बसले. दोन इनिंगच्या मध्ये दोन्ही कोचनी अंपायरना एवढंच विचारलं असतं की आज हीच पद्धत राहणार का, तर सातव्या इनिंगचा प्रसंग आलाच नसता.

टॅगबद्दल माझं मत बदललेलं नाही. सात नंबरने बरोबर केलं. मुलींना आता मी हे उघड सांगते : स्लाइडनंतर ग्लोव्ह धरून ठेवायचा, रनर गाफील असेल तर टॅग करायचा. रनर दुखावली असेल, कळवळत असेल, तर बॉल सरळ पिचरकडे. अंपायरचे हात वर असतील किंवा टाइम मिळाला की नाही याची आपल्यालाच शंका असेल, तर आधी मोठ्याने विचारायचं, “सर, टाइम आहे का?” उत्तर ‘नाही’ आलं तर रनरलाही ऐकू गेलेलं असतं, आणि मग टॅग केला तर तिलाही तो फसवणूक वाटत नाही. यात एखादा आऊट हातचा जाईल. या वयोगटात तो जाऊ द्यावा असं माझं मत आहे. खुल्या गटात कदाचित वेगळं म्हणेन.

बॉल लपवण्याचा डाव मात्र आम्ही शिकवत नाही. बेसबॉलमध्ये तो जुना आहे आणि नियमाला धरून आहे, फक्त हातात बॉल नसताना पिचरने रबरवर, म्हणजे बॉल टाकायच्या पट्टीवर, उभं राहायचं नाही. माइक लोवेलसारख्या थर्ड बेसमनने २००४ आणि २००५ मध्ये मोठ्या लीगमध्ये या डावाने आऊट मिळवले आहेत. व्यावसायिक खेळाडूला फसवणं ही एक गोष्ट. ज्या मुलीला अजून टाइमप्लीज आणि टाइम यांतला फरक कळायचा आहे, तिला मुद्दाम गाफील करायला शिकवणं मला जमत नाही.

आता तो चौथा पर्याय. अंपायरकडे जाण्याआधी सात नंबरकडे जायचं. दहा सेकंद पुरले असते. “तू बरोबर केलंस. मी फक्त अंपायरना मी बघितलेलं सांगायला जातेय.” एवढं बोलून मग आत. आत जाण्याचा निर्णय चुकला असं मला वाटत नाही, क्रम चुकला. टाइम कधी मिळतो हे ठरवायचं काम मोठ्यांचं होतं, ते आम्ही चौघांनी केलं नाही, आणि त्याचा भार दोन पंधरा वर्षांच्या मुलींनी वाहिला, एकीने गुडघ्यावर बसून, एकीने उभं राहून.

फेब्रुवारीतला सराव सामना

फोनवर सर शेवटी म्हणाले होते, “आमच्याकडे या की एकदा.” फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही गेलो. दहावीच्या मुली परीक्षेमुळे नव्हत्या, पण सात आणि अकरा दोघी नववीतल्या. त्यांच्या मैदानावर बेस म्हणून जुन्या टायरचे चौकोनी तुकडे होते, मधोमध मोठा खिळा ठोकलेले. सामन्याआधी सरांनीच विचारलं, “टाइम कसा देणार?” गावातले अंपायर म्हणाले, “दोन्ही हात वर करणार आणि मोठ्याने ओरडणार. त्याआधी बेस सोडायचा नाही.” दोन्ही संघ उभे करून त्यांनी ते करून दाखवलं.

चौथ्या इनिंगला अकरा नंबर पुन्हा सुटली. थ्रो थोडा वर गेला, सात नंबरने उडी मारून घेतला, खाली आली तोवर पाय टायरवर पोचला होता. सेफ. ग्लोव्ह नडगीवर. अकरा नंबर बसल्या बसल्या म्हणाली, “टाइम, सर?”

अंपायर फर्स्टच्या रेषेवरची उडालेली फक्की बघत होते. त्यांना ऐकू गेलं नाही.

ती उठली. उजवा पाय टायरवर घट्ट ठेवून डावा पाय जवळ ओढला आणि तशीच वाकून लेस बांधायला लागली. तोल जात होता. सात नंबर ग्लोव्ह तिच्या टाचेला टेकवून उभी होती, नजर पायावर. पहिला फास सुटला, दुसऱ्यांदा बांधायला घेतला.

“सर,” सात नंबर ओरडली, “टाइम मागतीये ती.”

अंपायरांनी वळून दोन्ही हात वर केले. सात नंबरने बॉल पिचरकडे टाकला.